दोन थर कमी

हॉस्पिटलच्या तळघरात, लाँड्रीला लागून, एक खोली होती. दारावर पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती, कारण चामड्याचा आणि सोल्यूशनचा वास जिन्यावरूनच वाट दाखवायचा. तिथे एक म्हातारे कारागीर बूट करायचे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा तळवा वाकडा, कुणाची टाच जमिनीला टेकत नाही, अशा माणसांचे बूट. सगळं हॉस्पिटल त्यांना 'बोटभर काका' म्हणायचं. वाढत्या पोराचा बूट करताना ते पुढे बोटभर जागा सोडायचेच सोडायचे. "पाय वाढतो हो, बापाचा पगार कुठे वाढतो?" असं म्हणायचे. सहा महिन्यांचा जोडा मग वर्षभर चालायचा.

पण काकांची खरी करामत दुसरीच होती. आखूड पायाचा बूट म्हटला की बाकीचे कारागीर त्याच्या तळाला जाडजूड ठोकळा बसवतात. काम होतं, पण आख्ख्या रस्त्याला कळतं. काका ती उंची बुटाच्या पोटात लपवायचे. टाचेखाली कॉर्कचे पातळ थर एकावर एक बसवायचे, उरलेली उंची तळात वाटून टाकायचे, आणि चांगल्या पायाचा बूटही असा कापायचे की दोन्ही जुळे दिसावेत. जोडा झाला की घालणाऱ्याला पॅसेजमध्ये चालायला लावायचे आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून उभे राहायचे. टक, टक, टक, टक. दोन्ही टाचांचा आवाज सारखा आला की जोडा पास. "डोळ्याला फसवता येतं," ते म्हणायचे, "कानाला नाही."

ज्यांना जोडा परवडायचा नाही त्यांना तो फुकट मिळायचा, पण काकांकडून नव्हे. "वरून आलाय," असं ते छताकडे बोट दाखवून सांगायचे. घेणाऱ्याला वाटायचं हॉस्पिटलची काही योजना असेल. हॉस्पिटलला वाटायचं उरलेल्या तुकड्यांचं काहीतरी करत असतील. खरं काय ते काकांच्या बायकोला ठाऊक, कारण दर महिन्याला घरातलं काहीतरी आणायचं राहून जायचं. ती म्हणायची, "अहो, तुम्ही दान करता की चोरी? इतकं लपवून तर चोरसुद्धा काही करत नाही." काका हसायचे. या हाताचं त्या हाताला कळू देऊ नये, हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं, आणि चामडं कापायची रापी धरायलाही त्यांनीच शिकवलं होतं. दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच निष्ठेनं सांभाळल्या.

लाँड्रीत चादरी धुणारी एक बाई होती. नवरा नव्हता, एक मुलगी होती. मुलीचा डावा खुबा जन्मापासून सरकलेला, त्यामुळे तो पाय आखूड. नाव काहीही असो, तिला भिंगरी म्हणायचे, कारण काकांचे बूट मिळाल्यापासून ती एका जागी ठरायला तयार नव्हती. तीन वर्षांची असताना ती पहिल्यांदा काकांच्या खोलीत आली. आता आठ वर्षांची होती. शाळा सुटली की आईची पाळी संपेपर्यंत काकांच्या समोर पाटावर बसायची, आणि कॉर्कचे थर मोजून त्यांच्या हातात द्यायची. "एक, दोन, तीन, चार. काका, माझे चारच ना?" "चारच, राणीसरकार." हे रोजचं.

त्या वर्षी हाडांच्या डॉक्टरांनी भिंगरीच्या आईला बसवून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं. खुबा झिजत चाललाय. बाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलात एक ऑपरेशन होतं, त्यानं तो जागेवर बसेल. पण हाड कोवळं आहे तोवरच. या वर्षी केलं तर केलं. पुढच्या वर्षी कुणी सर्जन हात लावणार नाही, आणि मग दहा-बारा वर्षांत पोरगी खुर्चीला खिळेल. त्यांनी खर्चाचा आकडाही सांगितला. भिंगरीच्या आईनं तो ऐकला आणि तशीच उठून लाँड्रीत जाऊन चादरी पिळायला लागली. तो आकडा भरून निघेल एवढ्या चादरी जगात नव्हत्या.

हॉस्पिटलातल्या लोकांनी जमेल ते केलं. सिस्टरांच्या खोलीत एक डबा ठेवला. वॉचमननं टाकले, स्वयंपाकघरातल्या बायकांनी टाकले, एका डॉक्टरनं कुणी बघत नाही असं पाहून पाकीट रिकामं केलं. कुणी नाव लिहिलं नाही. काकांनी काय टाकलं ते बायकोच्या हातातल्या बांगड्या दिसेनाशा झाल्या त्यावरून समजायचं. डबा भरला, आणि भरलेला डबासुद्धा खर्चाच्या पायरीशीच राहिला. आभाळच फाटलं तर ठिगळ लावणार कुठे?

मग भिंगरीच्या आईनं टीव्हीवाल्यांना पत्र घातलं.

दर रविवारी संध्याकाळी तो कार्यक्रम लागायचा. एक नावाजलेली नटी गरजू माणसाला मंचावर आणायची, त्याची कहाणी सांगायची, आणि खाली फोनचा नंबर झळकायचा. घराघरातून लोक डोळे पुसत फोन करायचे. काकांना तो कार्यक्रम बघवत नसे. पत्राचं ऐकलं तेव्हा ते ताडकन उठून लाँड्रीत गेले.

"पोरी, तू हे काय केलंस? सगळ्या जगासमोर उभी करणार लेकराला? आपलं दुखणं चव्हाट्यावर मांडायचं?"

भिंगरीच्या आईनं ओल्या हातांनी कपाळावरचे केस मागे सारले. "मग कुठे मांडू? तुम्ही पाच वर्षं गुपचूप दिलंत. मला सुरुवातीपासून ठाऊक आहे वरून काय येतं ते. तुमच्या पायांवर डोकं ठेवीन मी. पण काका, गुपचूप दिलेल्यानं बूट होतो. खुबा होत नाही."

काका परत आपल्या खोलीत आले. चाळीस वर्षं जी गोष्ट आपण फार मोठी समजत होतो तिची उंची आज कुणीतरी मोजून दाखवली, असं त्यांना वाटलं. बाई चुकीचं बोलली असती तर बरं झालं असतं.

टीव्हीवाल्यांचं बोलावणं आलं. शुक्रवारी रंगीत तालीम, रविवारी कार्यक्रम. आणि इथे काकांच्या हातून ती चूक झाली. ती एखाद्या कारागिराकडूनच व्हावी. पोरगी सगळ्या जगासमोर चालणार म्हटल्यावर त्यांनी तिला नवा जोडा केला. साठवून ठेवलेलं मऊ चामडं काढलं. उंची इतकी सफाईनं लपवली की दोन्ही बूट शेजारी ठेवले तर त्यांचे त्यांना ओळखू येईनात. आयुष्यातला सगळ्यात चांगला जोडा होता तो. भिंगरीनं पॅसेजमध्ये चालून दाखवलं. टक, टक, टक, टक. काकांनी डोळे उघडले तेव्हा ते ओले होते.

तालमीला काकाही गेले. मंचावर प्रखर दिवे होते. भिंगरी एका टोकाकडून आली आणि तुरूतुरू दुसऱ्या टोकाला गेली. कार्यक्रमाची सगळी व्यवस्था पाहणारी बाई खुर्चीतून उठली.

"थांबा थांबा. पेशंट कुठाय?"

"हीच," भिंगरीची आई म्हणाली.

"हिला काय झालंय?"

कागद दाखवले, फोटो दाखवले. बाईनं ते बघितले आणि कपाळाला हात लावला. "अहो ताई, मला कळलं. पण बघणाऱ्याच्या हातात एक्स-रे नसतो. त्याला जे दिसतं तेच दिसतं. ही तर माझ्या मुलीपेक्षा छान चालते." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटत होतं, "हे बूट नकोत. रविवारी साध्या चपला घालून आणा. नाहीतर मला तिच्या जागी दुसरं कुणीतरी घ्यावं लागेल. रांगेत खूप जण आहेत, आणि तेही खोटे नाहीत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काका तिथेच एका खोक्यावर बसले. चाळीस वर्षं ज्या कसबाचा अभिमान बाळगला, त्या कसबानं पोरीच्या ऑपरेशनवर पाणी ओतलं होतं.

परतताना बसमध्ये भिंगरी झोपली. तिची आई खिडकीकडे बघत म्हणाली, "साध्या चपलांनी ती चार पावलांत पडेल. खुबा आणखी सरकेल. डॉक्टरांनी एकदा नाही, दहादा बजावलंय."

"मग नको जाऊस."

"मग कुठे जाऊ? सांगा ना, काका! कुठे जाऊ ते तरी सांगा."

बस दोन थांबे पुढे गेली. मग ती काकांकडे न बघता म्हणाली, "तुम्हीच करा. तुम्हाला कळतं किती कमी केलं तर चालेल. पडू नये, दुखू नये, पण दिसावं. एवढंच करा माझ्यासाठी. परत काही मागणार नाही."

शनिवारी दुपारी काकांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. डाव्या बुटाचं अस्तर उचकटलं. आत कॉर्कचे चार थर होते. एक काढला, बूट पायाच्या लाकडी फरम्यावर चढवून पाहिला. एकानं फारसं कळणार नव्हतं. तीन काढले तर पोरगी कोसळली असती. दोन. दोनांत खांदा झुकेल, पाऊल ओढत टाकावं लागेल, पण तोल सावरेल. जन्मभर माणसांचं लंगडणं घालवलं त्या हातांनी काका आता लंगडणं बेतत होते. मापात, नीट, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. अस्तर परत चिकटवताना त्यांना शिसारी आली, कामाची नव्हे, स्वतःची, कारण वाईट काम करतानाही हात सफाई सोडायला तयार नव्हते.

काढलेले दोन थर त्यांनी कचऱ्यात टाकले नाहीत. खिशात ठेवले.

रविवारी मंचामागे भिंगरीनं बूट घातले, दोन पावलं टाकली आणि थबकली.

"काका, डावा वेगळा लागतोय."

"नवं चामडं आहे राणीसरकार. बसेल हळूहळू."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. पाच वर्षांत काका तिच्याशी खोटं बोलले नव्हते, म्हणून तिनं मान डोलावली. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

काका पडद्याच्या कडेला उभे राहिले. डोळे मिटायची सवय. टक, घस. टक, घस. टक, घस. मंच लाकडी होता आणि जिकडेतिकडे माइक लावलेले होते. तो आवाज मोठा होऊन सगळ्या हॉलमध्ये घुमला. लोकांच्या तोंडून एकदम 'अरेरे' निघालं. काकांनी पडद्याची दोरी घट्ट धरली.

नटी पुढे झाली आणि गुडघ्यावर बसली. लोक म्हणतात हे सगळं नाटक असतं. काकांनी तिला चार हातांवरून पाहिलं. ती रडत होती, आणि चेहऱ्यावरचा रंग बिघडतोय याची तिला पर्वा नव्हती. तिनं विचारलं, "बाळा, चालताना फार त्रास होतो का गं? हे बूट बरोबर नाहीत का?"

भिंगरीनं मान जोरात हलवली. "बूट एकदम बरोबर आहेत. आमच्या काकांनी केलेत. त्यांचे बूट कधीच चुकत नाहीत. आज मीच नीट चालत नाहीये."

"कुठे आहेत तुझे काका?"

भिंगरीनं बोट दाखवलं. कॅमेरा वळला, दिवा वळला, आणि कुणीतरी काकांना हलकेच पुढे ढकललं. भिंगरीच्या आईला राहवलं नाही. ती माइकमध्ये म्हणाली, पाच वर्षं हे फुकट बूट करतायत, माझ्या एकटीच्या पोरीचे नाही, कितीतरी जणांचे, आणि कधी कुणाला कळू दिलं नाही. नटी उठून उभी राहिली, टाळ्या वाजवायला लागली. सगळा हॉल उठला. जन्मभर जे लपवलं ते उघड झालं, आणि नेमकं ज्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा वाईट बूट केला त्या दिवशी. काकांचा हात खिशात होता. दोन कॉर्क बोटांना लागत होते. धरणीनं पोटात घ्यावं असं त्यांना वाटलं, पण मंचाची लाकडं चांगली भक्कम होती.

फोन वाजले. मागच्या लांब टेबलावर बारा मुली बसल्या होत्या, बाराही जणींना पाणी प्यायला फुरसत मिळाली नाही. डबा भरायला हॉस्पिटलला चार महिने लागले होते. इथे पंधरा मिनिटांत अशा कैक डब्यांचं काम झालं. काकांनी हेही आपल्या डोळ्यांनी पाहिलं, आणि नाकारायचं कसं ते त्यांना कळेना.

कार्यक्रम संपल्यावर व्यवस्थापक बाई भेटायला आली. भिंगरी आईचा पदर धरून तिथेच उभी होती. फार छान झालं, म्हणाली. मग घोडं कुठे पेंड खातं ते तिनं सांगितलं. लोकांनी फोनवर शब्द दिलाय, तो हातात पडायला वेळ लागतो. शिवाय जमलेलं सगळं एकत्र होतं आणि कार्यक्रमाची ही मालिका संपली की वाटलं जातं. ज्याच्यासाठी फोन येत राहतात त्याचा नंबर आधी लागतो. "तीन महिने आहेत. लोकांच्या डोळ्यांसमोर राहायला हवं. लोक फार लवकर विसरतात हो."

"ही तुमची रीत चांगली नाही," काका म्हणाले.

"नाहीच," ती म्हणाली. "तुमच्याकडे दुसरी आहे का?"

सोमवारी शाळेतून आलेल्या भिंगरीनं पॅसेजच्या तोंडाशीच बूट काढले आणि ते हातात घेऊन, अनवाणी, भिंतीला धरून ती आत आली. पाटावर बसली आणि डावा बूट काकांसमोर ठेवला. अस्तर उचकटलेलं होतं. घरी चमच्यानं उचकटलं, असं तिनं सांगितलं.

"एक, दोन," ती बोट ठेवून म्हणाली. "दोन थर कमी."

काकांनी रापी खाली ठेवली. "हो."

"मला आधी वाटलं तुम्ही विसरलात. म्हणून मी तिथे सांगितलं की मीच नीट चालत नाहीये. लोक तुम्हाला हसले असते."

"विसरलो नव्हतो गं."

"ते मला नंतर कळलं. फोन वाजायला लागले तेव्हा." तिनं उचकटलेलं अस्तर बोटानं दाबलं. "आईला विचारलं तर ती रडायला लागली. मग मी परत विचारलं नाही. मी कुणाला सांगणार पण नाही."

काकांना तिची माफी मागायची होती. चाळीस वर्षांत शेकडो पोरांच्या पायांशी ते बसले होते, पण एवढ्याशा पायांशी बसून माफी कशी मागतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खिशातून दोन कॉर्क काढले आणि तिच्या हातात दिले. तिनं नेहमीसारखे ते मोजून परत त्यांच्या हातात ठेवले. "तीन. चार." त्यांनी सोल्यूशन लावलं, अस्तर बसवलं, कडेला चार टाके जास्तीचे घातले, जणू त्यानं काही पक्कं होणार होतं. बूट तिच्या पायात चढवताना पुढे अंगठ्यानं दाबून पाहिलं. बोटभर जागा होती.

"चालून दाखव."

काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि डोळे मिटले. भिंगरी पॅसेजमधून निघाली. टक, टक, टक, टक. दोन्ही टाचा सारख्या. काकांनी दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. एवढं तरी आपल्या हातात आहे, ते मनाशी म्हणाले. उद्याचं काहीही होवो, पोरगी सरळ चालतेय.

पावलं जिना चढून वर गेली. वर पेशंटांची बसायची जागा होती, सोमवारची गच्च भरलेली. कुणीतरी म्हणालं, "अगंबाई, ही तीच ना, टीव्हीवरची?" खुर्च्या सरकल्या.

टक, घस. टक, घस.

काकांनी डोळे उघडले. आपला कान गेला असं त्यांना क्षणभर वाटलं. मग ते धडपडत जिन्याखाली गेले आणि कठडा धरून ओरडले, "भिंगरे! अगं, आता बूट नीट केलाय मी!"

वरून तिचा आवाज आला, समजूत घातल्यासारखा.

"माहितीय, काका."

टक, घस. टक, घस. टक, घस.